बिनपदाची बैठक

धर्मग्रामात पुरुषांसाठी एखादा गट सुरू करायचं ठरलं, की पहिल्याच सभेत अध्यक्ष कोण, सचिव कोण आणि खजिनदार कोण हे ठरतं. मग लेटरहेड छापलं जातं, बॅनर होतो, १९ मार्चला संत जोसेफच्या सणाच्या मुहूर्तावर उद्घाटन होतं, शेजारच्या धर्मग्रामातल्या फादरांना पाहुणे म्हणून बोलावतात, शाल-श्रीफळ होतं. पुढच्या उपवासकाळापर्यंत गटात उरतात ते पदाधिकारी, आणि त्यातलेही ज्यांचं एकमेकांशी पटतं तेवढेच. वसईत कॅथलिक पुरुषांची श्रद्धा आणि स्नेहाची बैठक चालवण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे, आणि या कामाने माझं एक मत पक्कं केलं आहे. पुरुषांची बैठक श्रद्धा कमी पडली म्हणून क्वचितच मोडते. बहुतेक वेळा ती पदांपायी मोडते. पुरुषाला पद देऊन चर्चमध्ये आणता येतं, पण पदापोटी आलेला माणूस पद गेलं की जातो, आणि ज्याला पद मिळालं नाही तो त्याच्या आधीच गेलेला असतो. म्हणून त्या तास-दीड तासापुरतं कुणाच्याही अंगावर पद राहू द्यायचं नाही, हेच बैठक चालवणाऱ्याचं मुख्य काम आहे असं मी मानतो. ऐकायला हे सोपं वाटतं. करताना मात्र सगळ्या गावाच्या सवयीशी भांडण घ्यावं लागतं.

आपल्याकडे समजूत अशी, की पुरुष मुळातच धर्माच्या बाबतीत आळशी. आमच्या चर्चच्या आवारात प्रवचन सुरू झालं की झाडाखाली उभे राहणारे पुरुष पाहिले तर ही समजूत खरी वाटते. संध्याकाळच्या माळेला घरोघरी स्त्रियांचा आवाज पुढे असतो. लहान ख्रिस्ती समूहांच्या सभेत एखादा पुरुष दिसला तर तो बहुधा यजमान असतो. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१६ मध्ये जो अहवाल दिला, त्यात दर आठवड्याला उपासनेला जाणाऱ्या ख्रिस्ती स्त्रिया सरासरी ५३ टक्के आणि पुरुष ४६ टक्के निघाले. पण त्याच अहवालात मुस्लिमांचे आकडे उलटे आहेत : पुरुष ७०, स्त्रिया ४२. शुक्रवारची नमाज पुरुषांना बंधनकारक आहे, स्त्रियांना नाही, हे त्यामागचं उघड कारण. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे, की पुरुषाचा पिंडच भक्तीला नालायक, हे म्हणणं टिकत नाही. त्याला कोणत्या जागी आणि कोणत्या नात्याने बोलावलं जातं, यावर पुष्कळ अवलंबून असतं. आम्ही त्याला दोनच नात्यांनी बोलावतो. एक तर प्रेक्षक म्हणून, नाही तर पदाधिकारी म्हणून. झाडाखाली उभा असतो तो पहिला, आणि मंडपात माइकची चाचणी घेत असतो तो दुसरा. या दोघांच्या मधली जागा रिकामी आहे.

ही खोड आजची नाही. शुभवर्तमानात ती स्पष्ट नोंदवलेली आहे. मत्तयच्या विसाव्या अध्यायात जब्दीच्या मुलांची आई येशूकडे आपल्या दोन मुलांसाठी उजवी-डावी आसनं मागते, आणि बाकीचे दहा जण चिडतात. चिडतात ते मागणी चुकीची होती म्हणून, की आपण आधी मागितलं नाही म्हणून, हे वाचणाऱ्याने ठरवावं. मार्कच्या नवव्या अध्यायात तर शिष्य वाटेने चालताना आपल्यात मोठा कोण यावर वाद घालतात, आणि येशूने विचारल्यावर गप्प बसतात. ते गप्प बसणं मला आमच्या बैठकीत फार ओळखीचं वाटतं. पुढे चर्चच्या इतिहासात पुरुषांचे जे संघ झाले, त्यांनी कामं मोठी केली. गोव्यातल्या कॉन्फ्रारियांनी मृताला खांदा दिला, त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा लावल्या, गरिबाच्या प्रेतालाही मान मिळेल अशी सोय केली. आजही मिरवणुकीत ओपा-मुर्सा हा संघाचा पोशाख घातलेले पुरुष पाहिले की त्या परंपरेचं वजन जाणवतं. पण त्याच कॉन्फ्रारियांत अध्यक्ष, लेखनिक, खजिनदार अशी उतरंड होती, कोणी कोणत्या रंगाचा झगा घालायचा याचे वाद होते, आणि काही गावांत कोणत्या जातीचा माणूस कोणत्या संघात बसेल हे आधीच ठरलेलं होतं. बाप्तिस्म्याने जे पुसायचं, ते संघाच्या वहीत पुन्हा लिहिलं गेलं. वसईतही सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन हे भेद लग्नाच्या वेळी अजून जिवंत असतात. पदांची यादी करायला बसलं, की प्रत्येक आळीला आणि प्रत्येक समाजाला एकेक पद द्यावं लागतं. मग बैठक राहत नाही, ग्रामपंचायतीची निवडणूक होते.

उलट दिशेची उदाहरणंही आहेत, आणि तीही कॅथलिक घरातली, निदान त्या घराच्या उंबऱ्यावरची आहेत. १८३३ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे मित्र एकत्र आले. वादविवाद मंडळात त्यांना विरोधकांनी टोमणा मारला होता, की तुमचा धर्म एके काळी थोर होता, आज तुम्ही गरिबांसाठी काय करता. त्यावर त्यांनी भाषण तयार केलं नाही. सिस्टर रोझाली रँदू यांना विचारून ते मुफतार वस्तीतल्या घरांची दारं ठोठावू लागले. त्यातून सेंट विन्सेंट दी पॉल संस्था उभी राहिली, जिचं काम आज आमच्याही धर्मग्रामांत चालतं. इथे कुणी मला अडवेल, आणि बरोबर अडवेल : त्या मंडळींनाही अध्यक्ष होता. बायी नावाचे वयाने मोठे संपादक पहिल्या दिवसापासून अध्यक्ष होते. होते, पण मुख्य काम दोघादोघांनी गरिबाच्या घरी जाण्याचं होतं, आणि ते अध्यक्षालाही चुकत नव्हतं. पद असूनही कामात फरक पडत नव्हता. पुढे जिथे जिथे सदस्यांनी घरभेट सोडून फक्त सभा घेतल्या, तिथे पद फुगत गेलं. दुसरं उदाहरण अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचं. दारू सोडू पाहणाऱ्यांची ही संघटना कॅथलिक नाही, १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. पण एड डाउलिंग नावाच्या येशूसंघीय धर्मगुरूने १९४० पासून तिच्या एका संस्थापकाला साथ दिली, आणि मुंबईत तिच्या कितीतरी बैठका चर्चच्या शाळांमधल्या वर्गखोल्यांत भरतात. वांद्र्यात फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनचं केंद्र वसईतही आहे, त्यामुळे ही पद्धत आमच्या लोकांना ऐकून माहीत आहे. तिथे माणूस पहिल्या नावाने ओळखला जातो. काम पाळीपाळीने फिरतं. पुढारी असलेच तर ते विश्वासाने नेमलेले सेवक असतात, हुकूम करणारे नव्हेत, असं त्यांच्या परंपरेत लिहिलेलं आहे. दारू सोडलेला बँकेचा मॅनेजर आणि दारू सोडलेला रिक्षावाला तिथे एका बाकावर बसतात, आणि दोघांनाही बोलता येतं. आम्ही दारू न पिणाऱ्यांसाठी अशी जागा का करू नये, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षं छळत आला आहे.

जागेपासूनच सुरुवात करावी लागते. धर्मग्रामाचा हॉल घेतला की स्टेज येतं, स्टेज आलं की टेबल, टेबलावर फुलदाणी, आणि फुलदाणीमागे चार खुर्च्या. म्हणून बैठक शाळेच्या वर्गात भरवावी, बाक भिंतीला लावून. ओळख करून देताना नुसतं नाव सांगायचं. नोकरी, हुद्दा, आडनाव आणि आळी सांगायची नाही. हा नियम सगळ्यात कठीण जातो तो निवृत्त माणसांना. आमच्या भागात कितीतरी पुरुषांनी आयुष्य विरार लोकलमध्ये काढलेलं आहे : पहाटे उठून चर्चगेट, रात्री परत, आणि रविवारी वाडीत पाणी. ज्या बँकेत, शाळेत किंवा कंपनीत त्यांचं नाव होतं ती ओळख साठीला गळून पडते, आणि धर्मग्रामातलं पद ही तिची भरपाई होऊन बसते. त्यांना दोष देऊन चालणार नाही. पण ज्या माणसाला आयुष्यभर हुद्द्याने ओळखलं गेलं, त्याला हुद्द्याविना कुणीतरी ऐकून घेणं ही चर्च देऊ शकेल अशी फार मोठी गोष्ट आहे. आणि नोकरी गेलेल्या चाळिशीतल्या माणसाला, आखातातून कायमचं परत आलेल्याला, भाजीला भाव न मिळालेल्या शेतकऱ्याला तर ती आणखी लागते. त्याला सत्काराच्या खुर्चीसमोर बसवून काहीच मिळत नाही.

मग वाचन. येत्या रविवारचं शुभवर्तमान घ्यावं. पाठावलीचं तीन वर्षांचं चक्र ठरलेलं असल्याने, म्हणजे एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक आणि मधूनमधून योहान असं असल्याने, उतारा निवडण्याचा अधिकारही कुणाकडे राहत नाही, ही त्यातली खुबी. उतारा दोनदा वाचतात, दुसऱ्यांदा वेगळा माणूस वाचतो. त्यानंतर थोडी शांतता, आणि मग ज्याला बोलायचं तो बोलतो. सगळ्यांना एकेकदा संधी मिळाल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा बोलत नाही. कुणी कुणाला सल्ला देत नाही. या शेवटच्या नियमावर सगळ्यात जास्त कुरबुर होते, कारण पुरुषाला दुसऱ्याचं दुःख ऐकलं की उपाय सुचतो, आणि उपाय सांगणारा क्षणात वर चढून बसतो. सल्ला हेही एक पदच आहे. चहा पाळीने, कप विसळणंही पाळीने. पैसे एका डब्यात, दोघांनी सगळ्यांदेखत मोजून तिथेच सांगायचे, आणि रक्कम साठू द्यायची नाही. वेळ झाली की मध्येच थांबायचं, भले चर्चा रंगात असो. शेवटची गाडी, दुसऱ्या दिवशीची पाळी, गोठ्यातलं दूध ही माणसांची खरी बंधनं आहेत. त्यांना बैठकीपेक्षा हलकं लेखणारा संयोजक दोन महिन्यांत एकटा पडतो. फादर आले तर बाकावर बसतात आणि त्यांचीही पाळी एकदाच येते. काही फादरांना हे आवडतं, काहींना आवडत नाही. ज्यांना आवडतं त्यांची प्रवचनं पुढे सुधारतात, असं माझं निरीक्षण आहे. अर्थात याला पुरावा काही नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसांचा असतो, आणि तो वजनदार आहे. पद नसेल तर जबाबदारी कुणाची? किल्ली कोण आणणार, आजारी सदस्याकडे कोण जाणार? आणि एखादं मोठं काम पुढाऱ्याशिवाय कधी झालं आहे का? ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावर आणि पाण्यावर गदा आली तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे झाले, हरित वसईची चळवळ उभी राहिली, आणि एरवी झाडाखाली उभे राहणारे पुरुष रस्त्यावर आले. ते नेतृत्व नसतं तर काय झालं असतं? मी हे पूर्ण मान्य करतो. चळवळीला नेता लागतो, कारण तिला समोर कुणीतरी असतं आणि कुणाशी तरी बोलणी करावी लागतात. बैठकीला समोर कुणी नाही. शिवाय मी काम वाटून देण्याच्या विरुद्ध नाही, काम कायमचं चिकटण्याच्या विरुद्ध आहे. किल्ली हवी, पण ती एका खिशात वर्षभर राहिली की तिचं पद होतं. दर महिन्याला हात बदलला की ती किल्लीच राहते. आजाऱ्याकडे जायला दोघांची नावं त्या त्या आठवड्याला ठरतात. यात कधी घोटाळा होतो, चहाची पाळी विसरली जाते, दार वेळेवर उघडत नाही. ही किंमत आहे, आणि ती कार्यकारिणीच्या भांडणापेक्षा मला कमी वाटते. वारीतसुद्धा दिंड्यांचे क्रमांक आणि मान काटेकोर असतात, पण दिंडीत चालताना माणूस माणसाच्या पाया पडतो आणि समोरच्याला माऊली म्हणतो. क्रम आणि समता एकत्र नांदवण्याची ही रीत आमच्या शेजारीच आहे; आम्ही कॅथलिकांनी तिच्याकडे फारसं पाहिलेलं नाही.

दुसरा आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो. कॅथलिक चर्च हीच मुळी पोप, बिशप, धर्मगुरू अशी रचना. तिच्यात बिनपदाची बैठक म्हणजे चोरपावलांनी आलेला प्रोटेस्टंटपणा नव्हे का? तसं असेल तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेलाही तो आरोप सोसावा लागेल. १९६४ मध्ये परिषदेने चर्चविषयी जो मूलभूत दस्तऐवज दिला, त्यात देवाच्या प्रजेविषयीचं प्रकरण आधी आणि अधिकारपरंपरेविषयीचं नंतर, असा क्रम जाणीवपूर्वक लावलेला आहे. १९८३ च्या चर्चसंहितेतला २१५ वा नियम श्रद्धावंतांना भक्ती आणि सेवेसाठी स्वतःहून एकत्र येण्याचा अधिकार देतो; ३०० वा नियम फक्त इतकं सांगतो, की अधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय संघटनेने स्वतःला कॅथलिक म्हणवू नये. म्हणजे फादरांना सांगून, त्यांच्या संमतीने बसणाऱ्या बैठकीत अधिकाराचा अवमान काहीच नाही. उलट वसईच्या मातीतला जो एकमेव संत वेदीवर पोहोचला, तो गोन्सालो गार्सिया धर्मगुरू नव्हता. तो आधी व्यापारी होता, मग फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू झाला, जपानी येत असल्याने दुभाष्याचं काम केलं, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मेला. त्याचं नाव आम्ही संस्थांना देतो, मिरवणुका काढतो, आणि त्या मिरवणुकीत पुढे कोण चालणार यावर भांडतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो, आणि तो बहुतेक वेळा स्त्रिया मांडतात. चर्चमध्ये वेदीवर पुरुष, निर्णयात पुरुष. आता वेगळी बैठकही पुरुषांनाच? याला गुळमुळीत उत्तर देऊ नये. खरी गोष्ट अशी, की आतापर्यंत पुरुषांना चर्चशी बांधून ठेवायला अधिकार वापरला गेला, आणि तो अधिकार हळूहळू वाटला जातो आहे. पवित्र गुरुवारी पाय धुण्यासाठी बारा पुरुषच निवडायचे, ही अट पोप फ्रान्सिस यांच्या सांगण्यावरून २०१६ मध्ये गेली. वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत सेवापदं त्यांनी २०२१ मध्ये स्त्रियांनाही खुली केली. हे योग्य झालं. पण त्यामुळेच मानापोटी येणाऱ्या पुरुषाची चर्चमधली जागा डळमळीत होते आहे, आणि त्या बारा जणांत आपलं नाव लागावं म्हणून धडपडणारा माणूस नाव लागेनासं झालं की झाडाखाली जातो. त्याला मान न देता आत बसायला शिकवणारी जागा लागेल. ती स्त्रियांच्या विरुद्ध नाही. तिचा उपयोग झालाच तर पहिला त्यांनाच होईल, कारण घरातही हाच माणूस पद घेऊन बसलेला असतो. तरी काही पथ्यं पाळलीच पाहिजेत. रविवारी सकाळी दुसऱ्या मिस्सेनंतर बैठक ठेवली की पुरुष आरामात येतात, आणि त्याच वेळी घरी स्वयंपाक, पाहुणे आणि मुलांचं धर्मशिक्षण बाईच्या अंगावर पडतं. तिच्या फुकट श्रमावर उभा राहिलेला स्नेहभाव खोटा असतो, म्हणून वेळ बदलावी लागते, भले संख्या घटो. आणि बैठकीत बायकोवरचे विनोद चालत नाहीत. ही अट हसण्यावारी नेणारे पुष्कळ भेटतात. ते फार दिवस येत नाहीत, आणि त्यांना थांबवण्याचा प्रयत्न मी करत नाही.

गुप्ततेबद्दल एक खुलासा करावाच लागतो, कारण त्यावर गैरसमज होतो. बैठकीत बोललेलं बाहेर जात नाही, हे खरं. पण बैठक म्हणजे पापनिवेदन नाही आणि बाकावरचा माणूस धर्मगुरू नाही. घरात हात उचलल्याची कबुली कुणी दिली, तर त्याला सहानुभूतीची ऊब देऊन परत पाठवणं हा त्या घरातल्या बाईवरचा दुसरा अन्याय होतो. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं कळणाऱ्यावर बंधनकारक आहे. हे सुरुवातीलाच, प्रत्येक नव्या माणसाला, सांगून ठेवायचं. काहींना वाटतं अशाने माणसं मोकळी बोलणार नाहीत. ज्याचा मोकळेपणा दुसऱ्याच्या जिवावर उभा आहे, त्याने गप्प राहिलं तर बैठकीचं काही बिघडत नाही.

राहता राहिला टिकण्याचा प्रश्न. पद नसलेल्या गटाला वार्षिक अहवाल नसतो, रौप्यमहोत्सव नसतो, धर्मप्रांताच्या निर्देशिकेत नाव नसतं. उद्या चार माणसं कमी झाली तर तो मुकाट्याने बंद पडेल, अशी काळजी मला नेहमी बोलून दाखवली जाते. पडू दे. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि त्याच्याही आधीपासून आमच्याकडे असे कितीतरी संघ झाले, ज्यांची लेटरहेडं कपाटात आहेत आणि माणसं नाहीत. बैठक बंद झाली तर वर्ग शाळेला परत जाईल, डब्यातले पैसे विन्सेंट दी पॉलच्या पेटीत टाकता येतील, आणि एकमेकांना हुद्द्याविना ओळखणारे दहा-बारा पुरुष त्या धर्मग्रामात राहतील. त्यातल्या दोघांना वाटलं तर पलीकडच्या आळीत, दुसऱ्या वर्गात, ते पुन्हा बाक भिंतीला लावतील. आम्हाला न विचारता लावले तरी चालेल.